वाचकांचे प्रश्न : टेन्सचा चार्ट पाठ, पण तोंडातून वाक्य निघत नाही

इंग्लिश शिकण्या-शिकवण्याबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर बहुतेक पत्रं ग्रामरवरच आली. त्यातली चार इथे घेतेय.

प्रश्न : मॅडम, मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्लिश शिकवते. वर्गात साठ पोट्टे आहेत. बाराही टेन्सचे फॉर्म्युले तोंडपाठ, रिकाम्या जागा भरा म्हटलं की भराभर भरतात, पण काल संध्याकाळी काय केलं एवढं इंग्लिशमध्ये विचारलं की सगळ्यांच्या माना खाली. ग्रामरचा तास लागला की मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात, ॲक्टिव्ह-पॅसिव्हला तर रडकुंडीला येतात. सगळे म्हणतात ग्रामर इंटरेस्टिंग करा, म्हणजे नेमकं काय करू? गेम घेऊ का? – एक शिक्षिका, मानेवाडा

उत्तर : गेम घ्या ना, जरूर घ्या, पण कोणता घेताय ते महत्त्वाचं आहे. फॉर्म्युल्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या आणि एकेकानं काढून रिकामी जागाच भरली तर पोरांच्या दृष्टीनं काही बदललं नाही. आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीपासून इंग्लिश आहे, म्हणजे तुमच्या आठवीच्या पोरांनी सात वर्षं इंग्लिश वाचलंय, लिहिलंय, ऐकलंय. त्यांच्याकडे माल आहे, तो बाहेर काढायची गरज कधी पडलेली नाही. आपण हातात पेन धरून "वॉट इज धिस?" विचारतो, पेन सगळ्यांना दिसतोय, विचारणाऱ्यालाही माहितीये, मग पोरानं तोंड कशासाठी उघडायचं? जो प्रश्न विचारतोय त्याला उत्तर खरंच माहीत नाही आणि ते मिळाल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, असं काहीतरी वर्गात घडवा. माझ्या मते इंटरेस्टिंग ग्रामर म्हणजे एवढंच.

पास्ट कंटिन्युअससाठी इंग्लिश शिकवणारे जगभर एक जुना खेळ घेतात, अ‍ॅलिबाय म्हणतात त्याला, तो आपल्या नागपुरात आणून सांगते. फळ्यावर लिहा, सोमवारी संध्याकाळी सात ते आठच्या मध्ये बर्डीवरच्या एका तर्री पोह्याच्या ठेल्यावरून गल्ल्याचा डबा चोरीला गेला. दोन पोरं संशयित. त्यांचं म्हणणं, आम्ही तेव्हा दोघंही फुटाळा तलावावर होतो. दोघांना पाच मिनिटं व्हरांड्यात पाठवा, त्या एका तासात काय काय केलं याची स्टोरी जुळवून यायची. तोवर बाकीचा वर्ग पाच-सहा जणांचे ग्रुप करून प्रश्न तयार करेल. मग एकेकाला आत बोलवायचं, दुसरा बाहेरच.

पहिल्याला विचारतात, "वॉट वेअर यू डुइंग ॲट सेव्हन थर्टी?" तो म्हणतो, "वी वेअर ईटिंग भुट्टा." "वेअर यू सिटिंग ऑर स्टँडिंग?" "सिटिंग." "वॉट वॉज युअर फ्रेंड वेअरिंग?" इथे तो अडखळतो कारण हे ठरवलेलंच नसतं, ठोकून देतो, "ही वॉज वेअरिंग अ ब्लू टी-शर्ट." दुसरा आत येतो, त्याला तोच प्रश्न, "आय वॉज वेअरिंग अ व्हाइट शर्ट," आणि वर्ग डोक्यावर घेतला जातो. आता बघा, या पंधरा-वीस मिनिटांत "वॉज" आणि "वेअर" किती वेळा तोंडातून गेलं, आणि प्रत्येक वेळी त्यामागे काहीतरी काढून घ्यायचं होतं. शिवाय प्रश्न विचारायची सवय झाली, जी आपल्या पोरांना अजिबात नसते कारण वर्गात प्रश्न कायम आपणच विचारतो.

एक मात्र पाळा, खेळ चालू असताना मधे पडून चुका सुधारायच्या नाहीत. कागद घेऊन कोपऱ्यात उभं राहायचं आणि ऐकलेली वाक्यं टिपायची. खेळ संपला की त्यातली पाच-सहा फळ्यावर लिहा, काही बरोबर, काही चुकलेली, कोण बोललं ते सांगायचं नाही. कोणती ठीक आहेत ते पोरांनाच शोधू द्या, आणि नियम सांगायचाच असेल तर तो इथे सांगा. आता तो नियम त्यांना हवा असतो कारण पाच मिनिटांपूर्वी तिथेच गाडी अडली होती. रूल आधी आणि उदाहरणं मग, हा क्रम उलटा केला तरी अर्ध्या जांभया बंद होतात.

आता पॅसिव्ह. "राम किल्ड रावण" चं "रावण वॉज किल्ड बाय राम" करा म्हटलं की हुशार पोर मनात म्हणतं, पहिलं वाक्य चांगलं होतं की, कशाला फिरवायचं? त्याचं बरोबर आहे. पॅसिव्हची गरज कुठे पडते ते त्याला कोणी दाखवलंच नाही. मराठीत आपण म्हणतो, "इथे संत्र्याची बर्फी बनवतात." कोण बनवतात? कोणी का असेना, कर्ता न सांगताच वाक्य मजेत चालतं. इंग्लिशला ते चालत नाही, तिथे क्रियापदाच्या आधी कोणीतरी बसवावंच लागतं, मग कर्ता माहीत नसेल किंवा सांगण्यासारखा नसेल तर बर्फीलाच पुढे बसवायचं : "ऑरेंज बर्फी इज मेड हिअर." ही गोष्ट पोरांना कळली की पॅसिव्ह म्हणजे उगाच केलेला व्यायाम वाटत नाही. बर्डीवर फिरताना पाट्या बघायला सांगा, इंग्लिश पाट्यांवर पॅसिव्ह कितीतरी सापडेल.

आणि नागपुरात तर पॅसिव्ह शिकवायला मारबत आहे! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची या पुतळ्याची मिरवणूक तुमच्या वर्गातल्या कितीतरी पोरांनी बघितली असेल, "घेऊन जा गे मारबत" ओरडलेलीही असतील. चार वाक्यं तयार करा : "द मारबत इज मेड ऑफ बांबू अँड पेपर. इट इज कॅरिड थ्रू द ओल्ड पार्ट ऑफ द सिटी. स्लोगन्स आर शाउटेड ऑल द वे. इन द एंड इट इज बर्न्ट." नेहमीच्या स्पीडनं दोनदा वाचा. पहिल्यांदा फक्त ऐकायचं, पेन खाली. दुसऱ्यांदा सुटे शब्द टिपायचे, पूर्ण वाक्य टिपता येऊच नये असा वेग ठेवा. मग जोडीनं बसून त्या शब्दांवरून चारही वाक्यं पुन्हा उभी करायची आणि शेवटी मूळ वाक्यांशी ताडून बघायची. याला डिक्टोग्लॉस म्हणतात. सगळा फायदा त्या जोडीच्या भांडणात आहे. एक जण लिहितो "इट कॅरिड थ्रू द सिटी", दुसरा म्हणतो अबे मारबत कोणाले उचलून नेते का, तिले नेतात ना, मग "इज" नाही का येणार? हे भांडण मराठीत झालं तरी होऊ द्या, ते दोघं त्या वेळी ग्रामरच करताहेत.

सिलॅबस संपवायचा असतो हे माहितीये, म्हणून म्हणते, आठवड्यातला एकच तास असा घ्या आणि "चेंज द व्हॉइस" चा सराव बाकीच्या तासांत चालू ठेवा, परीक्षेत तो लागतोच.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे, सेमी इंग्लिशला. "ही गो", "शी डोन्ट नो" असंच बोलतो. एस लाव, एस लाव म्हणून मी थकले. नियम विचारला तर घडाघडा सांगतो, बोलताना मात्र विसरतो. प्रत्येक वेळी टोकू की सोडून देऊ? – एक आई, मनीष नगर

उत्तर : ताई, आधी तुमची काळजी थोडी कमी करते. हा एस उशिराच येतो, ज्यांची भाषाच इंग्लिश आहे त्या लेकरांनासुद्धा. रॉजर ब्राउन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं तीन लहान मुलांचं बोलणं लांब काळ रेकॉर्ड करून 1973 मध्ये मांडलं की "गोइंग" मधलं आयएनजी सगळ्यात आधी येतं आणि "ही गोज" मधला एस पुष्कळ नंतर. दुसरी भाषा म्हणून इंग्लिश शिकणाऱ्यांचंही तसंच होतं, नियम माहीत असतो आणि जीभ मागे असते. तेव्हा हा आळशीपणा नाहीये, त्याला रागवू नका.

पण सोडूनही देऊ नका. आपण बहुतेक वेळा काय करतो, तो म्हणाला "ही गो टू ट्यूशन" की आपण म्हणतो "ही गोज टू ट्यूशन, ओके, मग?" त्याला वाटतं आईनं हो म्हटलं आणि तो पुढे निघतो. कॅनडातल्या फ्रेंच शिकवणाऱ्या वर्गांचा रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी 1997 मध्ये अभ्यास केला, त्यात हेच दिसलं की शिक्षक सगळ्यात जास्त अशीच दुरुस्ती करतात आणि मुलांकडून तिला सगळ्यात कमी प्रतिसाद मिळतो. त्यापेक्षा "ही..." म्हणून थांबा, त्याच्याकडे बघा, दोन सेकंद जाऊ द्या. तो स्वतः "गोज" म्हणाला तर ते त्याचं झालं. आणि एका वेळी एकच चूक धरा, या महिन्यात एस, तर बाकीच्याकडे दुर्लक्ष. गोष्ट सांगताना, उत्साहात बोलताना तर तोंडातून एक शब्द काढू नका तुम्ही.

सरावाला एक छान जागा आहे, क्रिकेटची कॉमेंट्री. इंग्लिश कॉमेंट्रीत चालू बॉल सिंपल प्रेझेंटमध्येच सांगतात : "ही रन्स इन, ही बोल्स, ही हिट्स इट स्ट्रेट, ही टेक्स अ सिंगल." टीव्हीचा आवाज बंद करा आणि दोन ओव्हर त्याला बोलू द्या, जामठ्याच्या स्टेडियमवर मॅच असेल तर मग काय बघायलाच नको. एका ओव्हरमध्ये जितके एस येतील तितके वहीच्या पानभर लिहूनही येत नाहीत, आणि ते सगळे धावत्या वेगात, विचार करायला वेळ नसताना येतात, जे त्याला खरं हवंय.

प्रश्न : मिहानमधल्या एका कंपनीत इंटरव्ह्यू दिला. "आय ॲम लिव्हिंग इन नागपूर सिन्स फाइव्ह इयर्स" म्हणालो तर समोरची व्यक्ती हसली. यात काय चुकलं? सिन्स आणि फॉर कितीदा वाचलं तरी डोक्यात राहत नाही. – एक बी.कॉम. झालेला तरुण, वाडी

उत्तर : हसायला नको होतं, तुमचं म्हणणं त्यांना पूर्ण कळलं होतं. आपण मराठीत "2019 पासून" पण म्हणतो आणि "पाच वर्षांपासून" पण म्हणतो, दोन्हीला एकच पासून, त्यामुळे दोन्हीकडे सिन्स लागतो. कागदावर एक आडवी रेघ मारा. रेघ जिथे सुरू होते तो ठिपका म्हणजे सिन्स : सिन्स 2019, सिन्स मंडे, सिन्स माय ट्वेल्थ. रेघेची लांबी म्हणजे फॉर : फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टू डेज. ठिपका की लांबी एवढं स्वतःला विचारा, दुसरं काही पाठ करू नका.

दुसरी गोष्ट "ॲम लिव्हिंग" ची. जे मागे सुरू झालं आणि अजून चालू आहे ते मराठीत वर्तमानकाळात सांगतात, राहतो, राहतोय. इंग्लिशला तिथे हॅव लागतं : "आय हॅव बीन लिव्हिंग इन नागपूर फॉर फाइव्ह इयर्स." आता स्वतःबद्दलची खरी वाक्यं करा, कॉम्प्युटर कधीपासून वापरता, गाडी कधीपासून चालवता, प्रत्येक गोष्ट एकदा ठिपक्यानं आणि एकदा लांबीनं. मोठ्यानं बोला, मित्रासमोर बोला. इंटरव्ह्यूत हेच विचारतात, त्यामुळे तयारीही आपोआप होऊन जाते.

प्रश्न : मी बी.एड. करतेय. प्रॅक्टिस लेसनला इंग्लिशच्या तासाला मराठीचा एक शब्दही यायला नको असं आम्हाला सांगतात. मुलांना तर काहीच कळत नाही. मराठी वापरणं खरंच चुकीचं आहे का? – एक विद्यार्थिनी, नंदनवन

उत्तर : अजिबात चुकीचं नाही, फक्त कुठे वापरायची ते ठरवा. "ओपन युअर बुक्स", "वर्क इन पेअर्स", "हूज नेक्स्ट?" ही रोजची बोलणी इंग्लिशमध्येच ठेवा, कारण ती रोज तीच असतात आणि चार दिवसांत कानात बसतात. पण नियम समजावताना मराठी घ्या, आणि पुस्तकातली नको, पोरं बोलतात ती घ्या. नागपूरच्या पोरांकडे तर कंटिन्युअस टेन्स घरचाच आहे : "मी जेवतो" वेगळं आणि "मी जेवून राहिलो" वेगळं, हा फरक पाच वर्षांचं पोरही चुकत नाही. "आय ईट" आणि "आय ॲम ईटिंग" समजावायला याहून सोपं काय असणार! ज्या बोलीवरून या पोरांना बाहेर कुठे चिडवलं जातं, तिच्यातच त्यांना ग्रामर येतंय हे वर्गात म्हणून दाखवा एकदा, कशी सरळ होऊन बसतात बघा.

मग पुढची पायरी, ही जोडी कुठे तुटते ते शोधायला लावा. घरी ऐकलेली राहिलो-राहिली-राहिलेची पाच-पाच वाक्यं लिहून आणायला सांगा आणि वर्गात एकेक इंग्लिशमध्ये घाला. "आई भाजी चिरून राहिली" व्यवस्थित बसेल. "मले वाटून राहिलं पाऊस येईल" ला "आय ॲम थिंकिंग" बसत नाही, "आय थिंक" लागतं. "बाबा दोन वर्षांपासून तिथं काम करून राहिले" ला "हॅज बीन वर्किंग" लागतं. फळ्यावर दोन रकाने करा, बसली ती इकडे, नाही बसली ती तिकडे. दुसऱ्या रकान्यातल्या वाक्यांमध्ये सारखं काय दिसतं ते आधी पोरांना विचारा आणि पुरेसा वेळ थांबा. लेसन बघायला आलेले सर मराठीबद्दल बोलले तर तो रकाना त्यांना दाखवा आणि तो भरायला वर्गातून किती हात वर आले तेही सांगा.