ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही, आता पुढे काय?

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिकचे, सध्या कॅनडात, मिसिसागात. मुलगा 2010 च्या नोव्हेंबरचा, नुकताच दहावी झाला. आइस हॉकीच्या ट्रिपल-ए (वयोगटातली सर्वांत वरची पातळी) संघात लेफ्ट विंगला, म्हणजे पुढच्या फळीत डावीकडे खेळतो. उंची पाच फूट सहा. यंदा ओएचएलच्या, म्हणजे ऑन्टारियोतल्या वरच्या ज्युनियर लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघ खेळाडू निवडतात त्या फेरीत) त्याला कुणीच घेतलं नाही. एक सल्लागार म्हणतात, अमेरिकेतल्या निवासी शाळेत टाका. नातेवाईक म्हणतात, खेळ बंद करा. तो मात्र घरात कुणाशी धड बोलत नाही. काय करावं?
— एक आई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मी थांबलो तो 'नोव्हेंबर' या शब्दावर. हॉकीत वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात. म्हणजे तुमचा मुलगा इतकी वर्षं स्वतःपेक्षा दहा-दहा महिन्यांनी मोठ्या मुलांशी भिडतोय. पंधराव्या वर्षी दहा महिन्यांचा फरक खांद्यांत, पायांच्या ताकदीत सरळ दिसतो, आणि निवडणाऱ्यांच्या डोळ्यांत आधी तेच भरतं. एनएचएल या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगचा हिशेब वेगळा आहे. तिथे ड्राफ्टच्या वर्षी 15 सप्टेंबरपर्यंत वयाची अठरा पूर्ण लागतात. त्यामुळे त्याच्या वर्गातली बरीच मुलं 2028 च्या ड्राफ्टला पात्र ठरतील, तो 2029 ला. त्याला एक वर्ष जास्त मिळतंय.

पण एनएचएल धरून घराचं गणित मांडू नका. संघ 32, सामन्याला प्रत्येकी 12 फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीचे खेळाडू. साऱ्या जगातून जागा 384. त्याखाली एएचएल, ईसीएचएल या दुय्यम व्यावसायिक लीग आणि युरोपातल्या लीग आहेत. तिथे काही वर्षंच पोट भरता येतं, म्हणून हातात पदवी हवीच.

आणि इथेच नियम बदललाय. पूर्वी ओएचएलचा एक सामना खेळला तरी अमेरिकी विद्यापीठांच्या हॉकीचं दार बंद व्हायचं. ऑगस्ट 2025 पासून ते उघडलं. त्यामुळे त्या जागांसाठी आता ओएचएलमधली तयार मुलंही रांगेत आहेत. माझा कल असा : दोन-तीन हंगाम ओजेएचएलसारख्या ज्युनियर-ए (ओएचएलच्या खालची पातळी) लीगमध्ये घरी राहून खेळावं आणि एकोणीस-विसाव्या वर्षी विद्यापीठ गाठावं. तिथे पहिल्या वर्षाला त्या वयाचे खेळाडू सर्रास असतात. मात्र एनसीएए या अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडासंस्थेच्या वरच्या श्रेणीला शाळेतले 16 ठरावीक विषय लागतात. गणित-विज्ञान सोपं करून घेण्याचा मोह टाळा, शाळेच्या समुपदेशकांना याच महिन्यात भेटा.

निवासी शाळेचा खर्च आत्ता करू नका. त्या सल्लागारांना एवढंच विचारा, याच उंचीचे तुम्ही पाठवलेले खेळाडू आज कुठे आहेत?

आता खेळाबद्दल. मॅनी मल्होत्रा तुमच्याच मिसिसागात जन्मलेले, वडील भारतीय. 1998 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्यांना सातव्या क्रमांकावर निवडलं. पुढे एनएचएलच्या 991 सामन्यांत गोल झाले 116. एवढी वर्षं ते टिकले ते फेसऑफ (खेळ सुरू होताना पकसाठी, म्हणजे रबरी चकतीसाठी दोघांत होणारी झटापट) जिंकण्यावर आणि समोरच्याचा हल्ला रोखण्यावर. अर्शदीप बेन्सला एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नाही. 2021-22 मध्ये डब्ल्यूएचएल या पश्चिमेकडच्या ज्युनियर लीगमध्ये तो 112 गुणांसह (गोल आणि गोलाला मदत मिळून) अव्वल आला, त्याच हंगामात एनएचएलच्या व्हँकूव्हर संघाने करार केला. तुमच्या मुलाची उंची वाढेल की नाही, कुणाच्या हातात नाही. पण पक जवळ नसताना तो कुठे उभा राहतो, पक गमावल्यावर किती जोरात मागे येतो, बोर्डालगत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या भिंतीलगत दबावाखाली पक बाहेर काढतो का, हे शिकता येतं. पुढच्या हंगामात त्याच्या शिफ्टचे (एका वेळी तो बर्फावर उतरून परत येईपर्यंतचे) व्हिडिओ घ्या. गोलाचे नकोत, अख्ख्या शिफ्टचे. ते प्रशिक्षकांसोबत त्याला पाहू द्या.

त्याच्या गप्प राहण्याची मला जास्त काळजी वाटते. तुम्ही सगळ्यांची मतं लिहिलीत, त्याचं एकही वाक्य नाही. या उन्हाळ्यात काही आठवडे रिंक, ड्राफ्ट हे विषयच काढू नका. मग त्याला एकट्याला विचारा, तुला खेळायचंय का? तो जे म्हणेल ते मला कळवा. लिहायची तयारी असेल तर त्यालाच लिहू द्या, कुठल्याही भाषेत.