‘राज्याचा बुद्ध्यांक’ असं लिहावं का?

बडोद्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या मराठी हस्तलिखितासाठी आलेल्या लेखात ‘अमुक राज्याचा बुद्ध्यांक तमुक राज्यापेक्षा पाचाने कमी आहे’ असं वाक्य आहे. इंग्रजी ‘आयक्यू’साठीचा हा शब्द ‘बुद्ध्यांक’ बरोबर की ‘बुद्ध्यंक’, आणि मुळात राज्याला तो असतो का?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. बुद्धि + अंक. इ-पुढे अ आला की य होतो, म्हणून बुद्ध्यंक. ‘गुणांक’, ‘निर्देशांक’ यांत पहिलं पद अकारान्त असल्यामुळे ‘आ’ येतो. त्यांच्याच वळणावर ‘बुद्ध्यांक’ रूढ झाला, आणि बडोद्यात गुजराती ‘बुद्धिआंक’ कानावर पडत असल्यामुळे तो आणखी पक्का बसतो. छापताना बुद्ध्यंक ठेवा. ‘बुद्धिगुणांक’ही चालेल.

दुसऱ्या भागाला वेळ द्यायला हवा, कारण ‘राज्याचा’ या षष्ठीत मोठी चूक दडली आहे. हिंदीत याच कल्पनेला ‘बुद्धि लब्धि’ म्हणतात. लब्धि म्हणजे भागून आलेलं उत्तर. सुरुवातीला तसा भागाकार खरोखरच होता. मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्नने १९१२ मध्ये मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचं सुचवलं, अमेरिकेतल्या टर्मनने १९१६ मध्ये त्याला १०० ने गुणलं. दहा वर्षांच्या मुलाने बारा वर्षांच्या मुलाइतकं सोडवलं की १२०. प्रौढांना हा हिशेब लावता येत नाही. वेक्सलरने १९३९ मध्ये तो बाजूला ठेवून त्या वयोगटाच्या सरासरीलाच १०० म्हटलं आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, १५ धरलं. आज बुद्ध्यंक म्हणजे एका ठरावीक गटात माणूस सरासरीच्या किती वर वा खाली बसतो, त्याचा आकडा. तो गट कोणता हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही.

त्या गटावरून ठरवलेल्या तक्त्यांना प्रमाणके म्हणतात. बडोदेकरांना जवळचं उदाहरण आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांचं विकासमापन इथल्या बाळांवरून बसवलं. ती ‘बडोदा प्रमाणके’ म्हणूनच ओळखली जातात. त्यांच्यानुसार दुसऱ्या प्रांतातलं बाळ मागे आहे म्हटलं, तर ते बडोद्याच्या बाळांच्या मानाने मागे, एवढंच विधान होतं. भारतीय प्रमाणकांवर भारताची सरासरी १०० च येणार, कारण ती तशी ठरवलेलीच असते. देशादेशांच्या प्रसिद्ध याद्यांत ती खाली दिसते, कारण तिथे ब्रिटनची सरासरी १०० धरलेली असते. लिन आणि वान्हानेन यांच्या २००२ च्या अशा यादीत १८५ देश होते. त्यांतल्या ८१ देशांपुरतीच मोजणी हाताशी होती. उरलेल्या १०४ देशांचे आकडे आजूबाजूच्या देशांवरून अंदाजाने भरलेले. शेजाऱ्याच्या आकड्याला मोजणी म्हणता येत नाही, आणि तरी हे आकडे नकाशावर रंगवून फिरत राहतात.

प्रमाणके जुनी होतात तो आणखी एक घोळ. संशोधक जेम्स फ्लिनने दाखवलेली अमेरिकेतल्या सरासरी गुणांची वाढ दशकाला सुमारे ३ गुणांची आहे. एकाच वेळी एका राज्यात जुन्या प्रमाणकांची कसोटी वापरली आणि दुसऱ्यात त्यांहून वीस वर्षांनी नव्या असलेल्या प्रमाणकांची, तर त्या गतीने सहाएक गुणांचा फरक केवळ तक्त्यांमुळे दिसेल. लेखातले पाच गुण त्यात सहज बुडतात.

भाषेचा परिणाम तर भाषाप्रेमींनी मुद्दाम पाहावा असा आहे. अनेक कसोट्यांत आकडे ऐकून त्याच क्रमाने म्हणून दाखवायचे असतात. वेल्समधल्या दुभाषी लोकांना हे इंग्रजीत वेल्शपेक्षा जास्त जमतं. एलिस आणि हेनेली यांनी १९८० मध्ये कारण दाखवलं: वेल्श आकडे उच्चारायला जास्त वेळ लागतो. मनात घोळवत ठेवता येतं ते साधारण दोन सेकंदांत म्हणता येईल तेवढंच. शब्द लांबले की आकडे कमी मावतात. स्मरणशक्ती तीच, गुण वेगळे. म्हणून घरी मराठी, शाळेत गुजराती आणि कसोटी इंग्रजीत, अशा मुलाचे गुण वाचताना भाषेची नोंद सोबत हवीच. चित्राकृतींच्या कसोट्यांनी ही अडचण कमी होते, संपत नाही. तशी कोडी शाळेत सोडवली आहेत की नाहीत याने फरक पडतोच.

शाळेचं एकेक वर्ष १ ते ५ गुणांची भर घालतं, असं अनेक अभ्यास एकत्र घेणाऱ्या २०१८ च्या एका विश्लेषणात दिसलं. सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात आणलं. त्या पिढीची शेजारच्या मुलखाशी तुलना झाली असती, तर आलेल्या फरकात शाळेचा वाटा किती, हे नुसत्या सरासरीवरून कुणालाच सांगता आलं नसतं.

नमुन्याचंही पाहा. ४०० मुलं चिठ्ठ्या टाकून निवडली, तर सरासरीत साधारण दीड गुण इकडेतिकडे होतो. तीच ४०० शहरातल्या चार शाळांतून घेतली, तर हा दीड गुणाचा हिशेब लागूच पडत नाही.

शिवाय ‘सरासरी’ हा शब्द बोलण्यात ‘बेताचा’ या अर्थाने येतो, त्यामुळे वाचक आकडा थेट माणसांवर नेऊन चिकटवतो. पाच गुणांचा फरक खरा धरला, तरी दोन्ही राज्यांतून एकेक माणूस असाच उचलला, तर १०० पैकी सुमारे ४१ जोड्यांत कमी सरासरीच्या राज्यातलाच पुढे निघेल.

बाई, तुमच्या लेखातलं वाक्य मी असं करीन: ‘अमुक साली, अमुक भाषेत, तमुक वयाच्या इतक्या मुलांनी अमुक कसोटी दिली, अमुक प्रमाणकांवर त्यांच्या बुद्ध्यंकांची सरासरी इतकी आली.’ दोन्ही राज्यांसाठी ही माहिती लेखकाकडे नसेल, तर ते वाक्य काढून टाका.