बेट एकच, किनारे दोन

वाचकांचे प्रश्न : प्रवास

प्रश्न : जुलैच्या अखेरीस आम्हाला आठ दिवसांची रजा मिळते आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि नऊ वर्षांची मुलगी असेल. पांढरी वाळू आणि शांत पाणी असलेले बेट हवे आहे. छायाचित्रे पाहून थायलंडमधल्या फुकेत बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हॉटेल जवळजवळ नक्की केले आहे. आरक्षण करावे का?

उत्तर : पैसे अजून भरले नसतील, तर कृपया थांबा. हॉटेलच्या छायाचित्रावर ते कोणत्या महिन्यात काढले हे लिहिलेले नसते, आणि बेटाच्या सहलीत सर्वांत मोठी फसगत तिथेच होते. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्याचे तोंड अंदमान समुद्राकडे आहे आणि साधारण मे ते ऑक्टोबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे थेट त्याच्यावर येऊन आदळतात. तेव्हा तिथे दिवसभर पाऊस पडतोच असे नाही. पण लाटा उंच असतात, किनाऱ्यावर वारंवार लाल निशाण लागते आणि पाण्यात उतरता येत नाही. मुलीला समुद्र दिसेल, पण मिळणार नाही.

त्याच देशातले कोह सामुई हे बेट मात्र थायलंडच्या आखातात, मुख्य भूमीच्या पूर्वेला आहे. मधल्या डोंगराळ भूपट्टीमुळे नैर्ऋत्य वाऱ्याचा जोर तिथे पोहोचेपर्यंत बराच कमी होतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सामुई तुलनेने कोरडे असते. त्याचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, विशेषतः नोव्हेंबरमध्ये पडतो, आणि नेमके तेव्हाच फुकेतचे आकाश निवळू लागलेले असते. श्रीलंकेत तर हा फेरबदल एकाच बेटावर पाहायला मिळतो. बेन्टोटा आणि मिरिस्सा हे नैर्ऋत्य व दक्षिणेकडील किनारे डिसेंबर ते मार्च या काळात शांत असतात, तर त्रिंकोमाली आणि पासिकुडा हे पूर्वेचे किनारे मे ते सप्टेंबरमध्ये.

म्हणून माझा आग्रह असा, की आधी महिना पाहावा, मग त्या महिन्यात वारा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहावे, त्यानंतर बेटाची आडोशाची बाजू शोधावी आणि हॉटेलचा विचार अगदी शेवटी करावा. हा क्रम कोणत्याही महासागरात उपयोगी पडतो. मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे जुलैमध्ये तिथे हिवाळा असतो आणि आग्नेय व्यापारी वारे पूर्व किनाऱ्याला झोडपत असतात. त्याच दिवशी वायव्येकडील ग्राँ बे येथे पाणी बऱ्यापैकी स्थिर असते. हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावर वाऱ्याच्या बाजूचे हिलो हे अमेरिकेतील अतिशय पावसाळी शहरांपैकी एक आहे, तर ज्वालामुखींच्या पलीकडचा कोनाचा किनारा बराच कोरडा आहे.

आपल्या कुटुंबासाठी मी पासिकुडा सुचवीन. तिथला उपसागर इतका उथळ आहे, की किनाऱ्यापासून बरेच अंतर आत चालत गेले तरी पाणी मोठ्या माणसाच्या कमरेच्या आसपासच राहते, आणि वयस्कर माणसांना पायाखाली वाळू लागत राहिली म्हणजे फार धीर येतो. मात्र कोलंबोजवळच्या विमानतळापासून तिथवर रस्त्याने जाण्यात दिवसाचा मोठा भाग जातो, तेव्हा जाताना वाटेत एक मुक्काम जरूर करावा. हा प्रवास आई-वडिलांना झेपणार नसेल, तर सामुई निवडावे, कारण त्या बेटावरच विमानतळ आहे.

प्रश्न : टांझानियातल्या झांझिबार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आमचे आरक्षण झाले आहे. आता एक स्नेही म्हणतात, की तिथे दुपारी समुद्र नाहीसा होतो. हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, पण त्यामुळे आरक्षण रद्द करू नये. झांझिबारला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत तीन ते चार मीटरचा फरक पडतो, आणि पाजे, जांबियानी येथील पूर्वेचा तळ अगदी सपाट असल्यामुळे पाणी दूर प्रवाळभिंतीपर्यंत मागे जाते. पहिल्या दिवशी मीही हिरमुसलो होतो. मग त्या ओल्या वाळूवरून चालू लागलो, तेव्हा एरवी पाण्याखाली असलेली शेती दिसली. वाळूत रोवलेल्या खुंट्यांच्या रांगा होत्या, खुंट्यांना ताणून बांधलेल्या दोऱ्या होत्या, आणि घोट्याएवढ्या पाण्यात वाकून बायका त्या दोऱ्यांना समुद्रशेवाळाचे झुबके एकेक करून बांधत होत्या. भरती परतण्याआधी त्यांना काम उरकायचे असते. प्रवासातली इतकी सुंदर सकाळ मला क्वचितच लाभली असेल.

नियोजनासाठी एवढे ध्यानात ठेवावे, की अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी सर्वांत दूर जाते आणि सर्वांत वर येते. दोन्ही अष्टम्यांच्या सुमारास भांग असतो आणि हा फरक बराच कमी होतो. भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तारखा हातात असतील, तर भांगाचे दिवस निवडावेत. नसतील, तर एक-दोन दिवस उत्तरेच्या नुंगवी येथे काढावेत, कारण तिथे ओहोटीतही पोहता येते. ओल्या खडकांवर सी अर्चिन नावाचे काटेरी जीव असतात, म्हणून जाड तळव्याचे पाण्यातले बूट घालूनच चालावे.

प्रश्न : मालदीवमध्ये सहा दिवसांत तीन रिसॉर्ट पाहावीत आणि शेवटच्या सकाळी स्कूबा डायव्हिंग करून संध्याकाळच्या विमानाने परतावे, असा बेत आहे. तो कसा वाटतो?

उत्तर : शेवटच्या सकाळचे डायव्हिंग कृपया काढून टाका. खोल पाण्यात शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यास वेळ लागतो. त्याआधी विमानात हवेचा दाब कमी झाला, तर त्याचे बुडबुडे तयार होऊन गंभीर इजा होऊ शकते. एकाच साध्या बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळावा, अशी रूढ शिफारस आहे. मी स्वतः पूर्ण दिवस मोकळा ठेवतो.

तीन रिसॉर्टही जास्त होतात. तिथली दूरच्या बेटांवर नेणारी, पाण्यावर उतरणारी सी-प्लेन फक्त उजेडात उडतात, त्यामुळे आपले विमान दुपारी उशिरा माले येथे उतरले, तर पहिली रात्र तिथेच काढावी लागते. त्यानंतर प्रत्येक बेटबदलात अर्धा दिवस सामान बांधण्यात आणि वाट पाहण्यात जातो. दोन मुक्काम पुरेत. त्यांतला एक स्थानिक वस्तीच्या बेटावर करावा असे मला मनापासून वाटते. मात्र तिथे मद्याला बंदी आहे आणि पोहण्याच्या तोकड्या कपड्यांत वावरण्यासाठी वेगळा किनारा ठरवून दिलेला असतो, हे निघण्यापूर्वी सर्वांना सांगून ठेवावे.

प्रश्न : मला तलावात पोहता येते. समुद्रात कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत आणि गडद दिसला, तर तो सुरक्षित समजू नये. किनाऱ्यावर आलेले पाणी बहुधा त्याच वाटेने वेगाने आत परतत असते. त्या ओढीत सापडल्यास थेट किनाऱ्याकडे पोहू नये, कारण त्यात दम जातो आणि माणसे बुडतात ती याच थकव्याने. अंग सैल सोडून तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या अरुंद प्रवाहातून बाहेर पडावे. पहिल्या दिवशी पाण्यात उतरण्यापूर्वी दहा मिनिटे नुसते उभे राहून लाटा पाहाव्यात.

प्रश्न : सनस्क्रीनवर काही ठिकाणी बंदी आहे, असे ऐकले. मग काय वापरावे?

उत्तर : प्रवाळाला हानिकारक मानली गेलेली ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायने असलेल्या सनस्क्रीनवर पॅसिफिक महासागरातील पलाऊ या बेटदेशाने 2020 पासून बंदी घातली, आणि हवाईने 2021 पासून त्यांची सर्वसाधारण विक्री थांबवली. नळीवरील घटकांची यादी वाचून ही दोन नावे नसलेले, झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन घ्यावे. त्याहून उत्तम म्हणजे पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा अंगरखा घालावा, कारण पालथे तरंगत प्रवाळ पाहताना पाठ भाजते आणि ते रात्रीपर्यंत कळत नाही.