पालींची नावे शोधणाऱ्या मुलीच्या आईस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. नीटमध्ये एमबीबीएसला पुरतील इतके गुण मिळाले नाहीत, पुन्हा वर्षभर क्लास लावण्याऐवजी मुलगी प्राणिशास्त्रात बीएस्सी करायची म्हणते, सुट्टीच्या दिवशी पन्हाळ्याला जाऊन पाली, बेडूक आणि कोळी यांचे फोटो काढते व रात्री त्यांची नावे शोधत बसते, आणि नातेवाईक मात्र "पाली-झुरळांचा अभ्यास करून पोट भरते का?" असे विचारतात, असे आपण लिहिले आहे. तिला माणसाच्या उत्क्रांतीचीही ओढ आहे; तो वेगळा विषय आहे का, हा आपला दुसरा प्रश्न.

माझे मत स्पष्ट आहे. तिला प्राणिशास्त्राला जाऊ द्यावे. मेडिकल हुकले म्हणून या विषयाकडे वळणारी मुले बहुधा दुसऱ्याच वर्षी कंटाळतात. आपली मुलगी कुणी न सांगता नावे शोधत बसते, हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

ज्या पालींवरून तिला बोलणी खावी लागतात, त्यांतल्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच आपला जिल्हा आहे. राधानगरी अभयारण्य १९५८ पासून गव्यांसाठी ओळखले जाते आणि आपण कोल्हापूरकर दाजीपूरला जातो तेही गवा दिसावा म्हणून; त्याच दाजीपूरच्या जंगलातील एका बोटभर पालीला निमास्पिस कोल्हापुरेन्सिस हे नाव मिळायला मात्र २००९ साल उजाडावे लागले. घराच्या भिंतीवरील पालीच्या डोळ्याची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी दिसते, तर निमास्पिस या गटातील पालींची बाहुली गोल असते. मुलीने आपले जुने फोटो मोठे करून एवढे जरी तपासले, तरी वर्गीकरणाचा पहिला धडा तिला घरबसल्या मिळेल. पुढचे काम अधिक चिकाटीचे आहे. नराच्या मांडीखालची बारीक छिद्रे आणि अंगावरचे खवले सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, संग्रहालयातील जुन्या नमुन्यांशी ते ताडून पाहायचे, डीएनएच्या क्रमाची तुलना करायची, आणि मगच ही जात नवी की आधीच नोंदलेली, याचा निर्णय करायचा. हे काम तिला रुक्ष वाटते की त्यात वेळ कसा जातो ते कळत नाही, याचा अंदाज पदवीच्या पहिल्या वर्षातच येईल.

आता पोटापाण्याविषयी. केवळ बीएस्सीवर चांगली नोकरी मिळेल, असे मी आपणांस सांगणार नाही. एमएस्सी धरूनच हिशेब करावा. शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्राचा विभाग आहे, त्यामुळे एमएस्सीपर्यंतचे शिक्षण घरी राहून होऊ शकते. पुढे सीएसआयआर-नेट या विज्ञान विषयांच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून संशोधनाची फेलोशिप मिळाली, तर सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये मिळतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही १९१६ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था नेमके वर्गीकरणाचेच काम करते. मुख्यालय कोलकात्यात असले, तरी तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. मात्र तेथील आणि प्राध्यापकांच्या जागा थोड्या असतात व वाट बरीच पाहावी लागते, हे आजच मान्य करून ठेवावे. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला प्राणिशास्त्राची पदवी चालते. वन्यजीवांतच पुढे जायचे असेल, तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे. मत्स्यविज्ञानासाठी मुंबईची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे.

माणसाविषयीच्या तिच्या ओढीमुळे वाट बदलावी लागत नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्येच माणसाला होमो सेपियन्स हे नाव देऊन वानरांबरोबर प्रायमेट गणात बसवले, म्हणजे प्राण्यांच्या वर्गीकरणात माणूस पूर्वीपासून आहेच. पदवीनंतर ही ओढ टिकली, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील मानवशास्त्र विभागाची चौकशी करावी. हाडांवरून वय, लिंग आणि जात ओळखण्याचे शिक्षण न्यायवैद्यक क्षेत्रातही उपयोगी पडते. ('जात' हा शब्द मी येथे अर्थातच प्राण्याची जात या अर्थी वापरला आहे.)

एका गोष्टीबाबत माझा आग्रह आहे. आज वर्गीकरणाचे काम संख्याशास्त्र आणि संगणकाशिवाय पुढे सरकत नाही, आणि जीवशास्त्राची मुले नेमकी गणिताला टाळतात. त्यामुळे प्राणिशास्त्र मुख्य विषय घेताना महाविद्यालयात संख्याशास्त्र जोडविषय म्हणून मिळतो का, हे प्रवेशाआधी विचारून घ्यावे. मिळत नसेल, तर ते बाहेर शिकावे. शोधनिबंध इंग्रजीत असतात, म्हणून आठवड्याला एक तरी वाचून त्याचा सारांश मराठीत लिहिण्याची सवय तिने आतापासून लावून घ्यावी.

फोटो काढताना कोणताही प्राणी पकडू नये, हे मात्र तिला बजावून सांगावे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, अभयारण्यात विनापरवानगी प्राणी पकडणे गुन्हा ठरते आणि नमुने गोळा करणाऱ्या संशोधकांनाही वन विभागाची लेखी परवानगी घ्यावी लागते. त्याऐवजी प्रत्येक फोटोसोबत ठिकाण, तारीख, वेळ आणि प्राणी कशावर बसला होता, एवढे वहीत लिहून ठेवावे. ती वही आणि बारावीची गुणपत्रिका घेऊन आपण दोघी एकदा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात जाऊन तेथील प्राध्यापकांना भेटा, आणि मगच प्रवेशाचा अर्ज भरा.

आपला हितचिंतक,
करिअर मार्गदर्शक, कोल्हापूर