‘अनुभव’ या शब्दाबरोबर इंग्रजीत काय लिहावे?

प्रश्न : मी बी.कॉम. असून बार्शीतील एका आडत दुकानात तीन वर्षे टॅली या सॉफ्टवेअरवर हिशेबाचे काम पाहते. पुण्यातील अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करताना मी ‘आय ॲम हॅविंग एक्स्पिरिअन्स ऑफ टॅली सिन्स थ्री इयर्स’ असे लिहिले. भाऊ म्हणतो की हे चूक आहे, पण का ते त्याला सांगता येत नाही. नेमके काय लिहावे?

उत्तर : तुमच्या वाक्यातील चुका तुमच्या अचूक मराठीतूनच आलेल्या आहेत. हे आधी सांगतो, कारण त्या सुधारण्याची वाटही तिथेच सापडते. मराठीतील ‘पासून’ हा शब्द ‘तीन वर्षांपासून’ आणि ‘जूनपासून’ अशा दोन्ही ठिकाणी चालतो. इंग्रजीतील ‘सिन्स’ मात्र काम सुरू झाले त्या वेळेसाठीच राखलेला आहे. म्हणून ‘सिन्स जून २०२२’ बरोबर आहे, पण कालावधी सांगायचा असेल तर ‘फॉर थ्री इयर्स’ असेच लिहावे लागते. काम अजून चालू असल्यामुळे दोन्ही वेळा त्याआधी ‘आय हॅव बीन वर्किंग’ येईल. अनुभव ‘असणे’ ही चालू क्रिया नसल्याने ‘ॲम हॅविंग’ ऐवजी साधे ‘हॅव’ पुरते.

खरा गुंता ‘चा’ या प्रत्ययाचा आहे. वर्षांचा अनुभव, टॅलीचा अनुभव, अध्यापनाचा अनुभव, बँकेचा अनुभव असे सगळे आपण एकाच प्रत्ययाने सांगतो आणि इंग्रजीत लिहिताना त्या प्रत्येक ठिकाणी ‘ऑफ’ ठेवतो. इंग्रजी मात्र पुढचा शब्द कशाचे नाव आहे ते पाहते. कामाचे क्षेत्र असेल तर ‘इन अकाउंटिंग’, साधन किंवा माणसे असतील तर ‘विथ टॅली’, ‘विथ सप्लायर्स’, आणि पद असेल तर ‘ॲज ॲन अकाउंट्स असिस्टंट’. कालावधीसाठी ‘ऑफ’ योग्यच आहे, पण तो ‘एक्स्पिरिअन्स’च्या आधी येतो : ‘थ्री इयर्स ऑफ एक्स्पिरिअन्स’. ‘एक्स्पिरिअन्स ऑफ’ सरसकट चूक आहे असे मात्र कोणी सांगितले तर मानू नका. विशेषतः ब्रिटिश इंग्रजीत ‘एक्स्पिरिअन्स ऑफ हँडलिंग कॅश’ अशी रचना रूढ आहे. सॉफ्टवेअरच्या नावापुढे मात्र ‘विथ’ अधिक स्वाभाविक वाटतो.

शब्दांच्या जोड्यांचेही असेच आहे. आपण अनुभव ‘घेतो’ म्हणून ‘टुक एक्स्पिरिअन्स’ लिहिले जाते, पण इंग्रजीत अनुभव ‘गेन’ करतात. ‘रिस्पॉन्सिबल’नंतर कामासाठी ‘फॉर’ येतो आणि त्यापुढे क्रियापदाचे ‘इंग’ असलेले रूप, जसे ‘रिस्पॉन्सिबल फॉर प्रिपेअरिंग इन्व्हॉइसेस’. ज्यांना तुम्ही उत्तरदायी आहात त्या व्यक्तीसाठी ‘टू’. शंका आली की ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या विद्यार्थी-कोशात क्रियापद नव्हे, तर ‘एक्स्पिरिअन्स’ हे नाम उघडावे. त्याच्या आजूबाजूला येणारे शब्द तिथल्या उदाहरणवाक्यांत दिसतात.

तुमचे वाक्य आता असे होईल : ‘आय हॅव थ्री इयर्स ऑफ एक्स्पिरिअन्स इन अकाउंटिंग ॲट अ कमिशन एजंट्स फर्म, अँड आय वर्क विथ टॅली एव्हरी डे.’ एका चुकीच्या अव्ययामुळे कोणी तुमचा अर्ज बाजूला ठेवील असे मला वाटत नाही. पण हिशेबनीसाच्या अर्जात वाचणारा काटेकोरपणा शोधत असतो, आणि तो त्याला पहिल्याच ओळीत दिसला पाहिजे. त्यानंतरच्या ओळींत ‘एक्स्पिरिअन्स’ हा शब्द पुन्हा वापरू नका. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे मालविक्रीचे हिशेब, तुम्ही तयार केल्या असतील, बँकेच्या खात्याशी वही जुळवली असेल, जीएसटीचे रिटर्न भरायला मदत केली असेल, तर ‘प्रिपेअर्ड’, ‘रिकन्साइल्ड’, ‘असिस्टेड विथ’ अशा क्रियापदांनी थेट ती कामे लिहा. यातील शेवटच्या क्रियापदानंतर कामासाठी ‘टू’ नव्हे, ‘विथ’ किंवा ‘इन’ येतो, हे अर्ज पाठवण्यापूर्वी एकदा तपासून घ्या.