मेमध्ये लेक मिशिगनवर सॅमन पकडायला जायचंय

प्रश्न: आम्ही शिकागोत राहतो, मेमध्ये बाबा नाशिकहून येतायत, त्यांना मिलवॉकीहून चार्टर (कॅप्टनसकट भाड्याने मिळणाऱ्या) बोटीवर सॅमन पकडायला न्यायचंय, काय तयारी करू?

उत्तर: रॉड, गळ सगळं कॅप्टनच देतो, फक्त नव्या सीझनसाठी रीळवरची जुनी लाईन (गळाची दोरी) बदलली का तेवढं विचारून घ्या. लायसन्स मात्र तुमचं आणि बाबांचं वेगळं लागेल, मिलवॉकी ज्या राज्यात आहे त्या विस्कॉन्सिनमध्ये त्यावर ग्रेट लेक्सचा (लेक मिशिगन त्यातलाच एक) सॅमन-ट्राउट स्टॅम्प, म्हणजे जादा परवानाही हवा, तो विसरू नका हं. किनाऱ्यावर ऊन असलं तरी पाण्यावर हाडं गोठतात, बाबांना कानटोपी, जाड जॅकेट घालाच, उलटीची गोळी निघायच्या आधीच द्या. मोठा चिनूक जातीचा सॅमन हवा तर जुलै-ऑगस्ट बरा, मेमध्ये जास्त करून कोहो जातीचा लागतो, पण चवीला मला तोच आवडतो, तव्यावर कातडीची बाजू आधी टाका.