वाचकांचे प्रश्न : हॉबिट वाचलेले का चिडतात?

प्रश्न : आमच्या वाचनगटात ‘हॉबिट’च्या तिन्ही चित्रपटांवरून दोन तट पडलेत. मुलांना आवडले, पुस्तक वाचलेले चिडले. असं का? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : टॉल्किन यांचं हे कल्पनारम्य पुस्तक (१९३७) अवघं १९ प्रकरणांचं, चित्रपट (२०१२ ते २०१४) मिळून जवळपास आठ तास. एका वांग्याचं भरीत सगळ्या पंगतीला पुरवायचं म्हटलं की पातळ होणारच! चित्रपटातली एल्फ (वनवासी जमातीतली) योद्धी टॉरिएल पुस्तकात नाहीच, एल्फ धनुर्धर लेगोलासही नाही. एल्फांच्या कैदेतून पिंपांत बसून पळण्याचा प्रसंग घ्या. पुस्तकात बुटके (नायकाचे ‘ड्वार्फ’ जमातीतले सोबती) झाकणबंद पिंपांत गुदमरत, अंधारात वाहत जातात. कथानायक हॉबिट बिल्बो वरून एका पिंपाला चिकटलेला. पडद्यावर पिंपं उघडी, शिवाय ऑर्कांशी (राक्षसी सैनिकांशी) हाणामारी. वेग आला, धाकधूक गेली.

पडद्यावरचं चित्र ‘टीव्ही मालिकेसारखं’ दिसतं, ही काहींची तक्रार वेगळी. काही चित्रपटगृहांत ते सेकंदाला २४ ऐवजी ४८ चौकटींनी (फ्रेम्सनी) दाखवलं होतं, म्हणून हालचाल जास्तच गुळगुळीत दिसली. घरी तसंच दिसलं तर टीव्हीतलं ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा.

गटासाठी सहा प्रकरणं वाचून पहिला भाग पाहा, तेरापर्यंत वाचून दुसरा, उरलेली संपवून तिसरा. तिसऱ्यातली लढाई मात्र लांबतेच. पुस्तकात बिल्बो डोक्यात दगड बसून मधेच बेशुद्ध पडतो, त्यामुळे तिथे ती थोडक्यात आटोपते.